सात ड्रम नकोत, चार घ्या

पत्र: "मी गोव्यात फोंड्याजवळ राहतो. चार जणांच्या हार्ड रॉक बँडमध्ये ड्रम वाजवतो. आजवर सरावाच्या जागेतल्या सेटवर भागवलं, आता स्वतःचा घ्यायचा आहे. सोबत रेकॉर्डिंगचं सामानही हवं, कारण आमची पाच गाणी घरीच रेकॉर्ड करायची आहेत. सगळं मिळून अडीच लाख जमवलेत. ओळखीच्या एकाकडे सात ड्रमचा जुना सेट आहे, त्यात दोन बास ड्रम आहेत. तो बघून ठेवलाय. दुकानदार म्हणतो, सात माईकचा पेटीबंद संच घ्या. घरामागे चिऱ्याची खोली आहे, १४ बाय १२ फूट, वर मंगलोरी कौलं. चवथ (गणेश चतुर्थी) झाली की रेकॉर्डिंगला बसायचं ठरवलंय. आधी शिगम्यात (शिमग्यात) रोमटामेळात, म्हणजे ढोल-ताशांच्या मिरवणुकीत, ताशा वाजवायचो, त्यामुळे हात जोरात पडतो आणि सिंबल (धातूच्या थाळ्या) टिकत नाहीत. काय घेऊ?"

उत्तर: सात ड्रमचा सेट आधी डोक्यातून काढा. तो वाईट असेल असं नाही, पण तुमच्या खोलीला आणि खिशाला झेपणारा नाही. सात ड्रम म्हणजे चौदा हेड (ड्रमच्या वर-खाली ताणलेले पडदे), आणि जोरात वाजवणाऱ्याची वरची हेड लवकर मरतात. स्नेअरवर, म्हणजे खाली तारा असलेल्या ड्रमवर, ठोका पडला की टॉम, म्हणजे हाताने वाजवायचे बाकीचे ड्रम, आपापल्या सुरात गुणगुणतात, ती गुणगुण प्रत्येक माईकमध्ये उतरते. बास ड्रम म्हणजे पायाच्या पेडलने वाजवायचा मोठा ड्रम; दोघांचं काम एकालाच डबल पेडल लावून होतं. शिवाय दोन्ही पायांचा आवाज एकसारखा येतो. दोन वेगळे ड्रम एका सुरात आणायला घाम फुटतो.

खरेदीला निघण्यापूर्वी एक गोष्ट ठरवून घ्या: नंतर काय सुधारता येतं आणि काय येत नाही. साध्या लाकडाचा ड्रम चांगल्या हेडने आणि नीट ट्यूनिंगने बराच सुधारतो. स्वस्त पितळी सिंबलचा चिरका आवाज कुठल्याही सॉफ्टवेअरने गोड होत नाही, आणि रेकॉर्डिंगमध्ये तोच सगळ्यांच्या वर बसतो. तेव्हा पैसे कमी पडले तर काटकसर ड्रममध्ये करा, सिंबलमध्ये करू नका.

अडीच लाखांची वाटणी साधारण अशी धरून दुकानात जा: स्नेअरसकट ड्रम ८० हजार, सिंबल ५५ हजार, पेडल, स्टँड आणि बसायचं स्टूल ३० हजार, हेड १० हजार, ऑडिओ इंटरफेस (माईक लॅपटॉपला जोडणारं यंत्र) २५ हजार, माईक, त्यांचे स्टँड आणि केबल ४० हजार, खोलीसाठी १० हजार. यात सगळं नवं कोरं बसणार नाही. ड्रम, स्टँड आणि सिंबल वापरलेले चालतील. हेड आणि इंटरफेस नवेच घ्या. मे अखेरीस किनाऱ्यावरचा सीझन उतरला की काही बँडवाले सामान विकायला काढतात, तेव्हा चौकशी करा. मात्र समुद्राजवळ वापरलेल्या सेटचे बोल्ट चावीने फिरवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. बोल्ट अडखळत फिरला तर तो आणि त्याचा लग (बोल्ट ज्यात फिरतो तो ड्रमवरचा ठोकळा) आतून गंजलाय.

मापं अशी: बास ड्रम २२ इंची, टॉम १३ किंवा १२, फ्लोअर टॉम (जमिनीवर पायांवर उभा राहणारा) १६, स्नेअर १४ बाय साडेसहा. लेड झेपेलिनचा जॉन बॉनहॅम २६ इंची बास ड्रम वाजवायचा हे खरं, पण १४ बाय १२ च्या खोलीत तो ड्रम नुसता घोंघावेल. २४ इंची स्वस्तात हाती लागला तर घ्या. त्याहून मोठा नको. लाकडात तुमच्यासाठी बर्च उत्तम, कारण त्याचा ठोका कोरडा आणि नेमका येतो, आवाज लवकर आटोपतो, लहान खोलीत हेच हवं. यामाहा स्टेज कस्टम बर्च हा या किमतीतला सगळ्यात भरवशाचा सेट. पर्ल एक्स्पोर्ट पॉपलर आणि महोगनीचा, टामा इम्पीरियलस्टार पॉपलरचा. दोन्ही वाईट नाहीत, वापरलेले मिळाले तर बेलाशक घ्या. नव्यात पूर्ण सेट घेतलात तर त्यासोबत मिळणारे सिंबल जमेला धरू नका. ते बहुतेक पितळेचे असतात.

स्नेअर धातूचीच घ्या, पितळ, पोलाद किंवा ॲल्युमिनियम. दोन गिटारच्या भिंतीतून धातूचा कडक ठोका वर येतो. शिवाय आपल्याकडच्या पावसात लाकूड फुगतं, धातू फुगत नाही. सेटसोबत लाकडी स्नेअर आली तर ती सरावाला ठेवा.

वापरलेला ड्रम तपासायची पक्की रीत अशी. दोन्ही हेड काढा. मोकळं खोड (ड्रमचं लाकडी नळकांडं) स्वयंपाकघरातल्या ग्रॅनाइटच्या ओट्यावर उपडं ठेवा, दिवा मालवा आणि खोडाच्या आत मोबाइलचा टॉर्च पेटवून ठेवा. कडेखालून सगळीकडे सारखी बारीक रेघ दिसली किंवा काहीच दिसलं नाही तर ठीक. एखाद्या जागी उजेडाची फट दिसली आणि तिथे कागद सरकला, तर कड वाकलीये किंवा घासली गेलीये. असा ड्रम जन्मात नीट सुरात बसणार नाही. त्या जागच्या बोल्टला कितीही पिळा, आवाज घरघरतोच. मग खोड दुसऱ्या बाजूने उलटं ठेवून पुन्हा बघा. आतल्या लाकडावर बोट फिरवा: पांढरी बुरशी पुसता येते, पण थर सुटून पापुद्रा उचललेला दिसला तर हात जोडून निघा.

आता हेड. टॉमवर वरच्या बाजूला रेमोचं क्लिअर एम्पेरर किंवा इव्हान्सचं जी २ लावा. दोन्ही ७ मिलच्या (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) दोन थरांची, जोरदार हात सोसणारी. खालच्या बाजूला १० मिलचं एकेरी अँबॅसडर. स्नेअरवर वर रेमोचं कंट्रोल्ड साउंड, खाली ३ मिलचं स्नेअर साइड; हे खालचं पातळ हेड जाड घेतलं तर तारा दबतात. बास ड्रमवर पॉवरस्ट्रोक ३ किंवा ईमॅड, आणि पुढच्या हेडला मध्यापासून बाजूला पाच इंची भोक.

ट्यूनिंगमध्ये बहुतेकांची गफलत खालच्या हेडपाशी होते, कारण ते दिसत नाही. सुरुवात तिथूनच करा. ड्रम उपडा करून खालचं हेड बसवा, सगळे बोल्ट बोटांनी फिरतील तेवढे फिरवा. तळहात मधोमध ठेवून एकदा घट्ट दाबा. थोडी करकर ऐकू येईल, ती हेड बसल्याची खूण. आता चावीने समोरासमोरच्या जोड्या घेत प्रत्येक बोल्ट अर्धा फेरा द्या. सुरकुत्या गेल्या की पाव पाव फेरा. प्रत्येक बोल्टपासून इंचभर आत काडीने हलकेच टोका आणि सगळीकडे एकच सूर येईपर्यंत कमी-जास्त करा. वरचं हेड तसंच लावा, पण खालच्यापेक्षा थोडं खालच्या सुरात. मग टॉम वाजल्यावर सूर किंचित खाली घसरतो. हार्ड रॉकमधला ओळखीचा 'डूम' तो हाच. दोन्ही हेड अगदी एका सुरात लावली तर टॉम लांबवर गात राहतो, वेगवान फिलमध्ये (मधेच टॉमवरून फिरणाऱ्या धावत्या तुकड्यात) त्याचा चिखल होतो. बास ड्रमचं मारायचं हेड सुरकुत्या जाईपर्यंत आणि वर पाव फेरा, एवढंच. आत उशी कोंबू नका, एक टॉवेल घडी करून दोन्ही हेडना जेमतेम टेकेल असा ठेवा.

सिंबल का तुटतात, हे तुमच्या पत्रातच आहे. ताशावर काडी सरळ खाली येते, तिथे तसंच हवं. क्रॅशच्या, म्हणजे जोरात मारायच्या सिंबलच्या, कडेवर तीच काडी सरळ आदळली की सगळा मार एका रेषेवर बसतो आणि कडेला तडा जातो. क्रॅशचा स्टँड थोडा खाली आणा, सिंबल आपल्याकडे १०-१५ अंश कलता ठेवा आणि काडी त्यावरून तिरकी सरकवत न्या, म्हणजे हात पुढे निघून जाईल. वरचा पंखाचा नट सैल ठेवा. सिंबलला मोकळं डोलू द्या. आवळून बसवलेल्या सिंबलला धक्का बाहेर टाकायला जागाच उरत नाही. आणि स्टँडच्या टोकावरची प्लास्टिकची नळी आहे ना, बघा. ती हरवली की बोल्टचे आटे मधलं भोक कुरतडून लांबट करतात, तडा तिथूनही निघतो. कडेला तडा गेलाच तर त्याच्या टोकाला ३ मिलिमीटरचं भोक पाडून घ्या. तडा तिथे थांबतो, काही महिने निघतात.

घेताना माप मोठं घ्या. १८ आणि १९ इंची क्रॅश, १५ इंची हाय-हॅट (पायाने उघडझाप करायची सिंबलची जोडी), २२ इंची राइड (सतत ताल धरायचा सिंबल). मोठा सिंबल कमी जोरात भरपूर बोलतो, म्हणून तो टिकतोही. धातू कांस्य हवा. ८० टक्के तांबं आणि २० टक्के कथिल असलेला बी २० सगळ्यात समृद्ध आवाजाचा; पण हार्ड रॉकला ८ टक्के कथिलाचाही चालतो, पाइस्टेची २००२ मालिका त्याच धातूची आणि पन्नासेक वर्षं हार्ड रॉकवालेच ती वाजवत आलेत. वापरलेला सिंबल उजेडात धरून कडेवरून नख फिरवा, बारीक तडा डोळ्याआधी नखाला लागतो. वाजवून झालं की घामाचे हात लागलेले सिंबल कोरड्या फडक्याने पुसा, नाहीतर पावसाळाभरात हिरवे पडतील.

पेडल साखळीचं, डबल, चांगल्या कंपनीचं: पर्ल एलिमिनेटर किंवा टामा आयर्न कोब्रा वापरलेलं मिळतं. दोन पेडलांना जोडणाऱ्या दांड्याचे सांधे हलवून बघा, खुळखुळले तर डावा पाय कायम उशिरा पडेल. स्टूलवर पैसे वाचवू नका, पाठ एकच असते. सेटखाली जाड सतरंजी किंवा गालिचा, आणि बास ड्रमच्या पायांपुढे लाकडी पट्टी ठोकलेली; नाहीतर प्रत्येक गाण्याला सेट पुढे चालत जातो.

खोलीचं बोलू. चिऱ्याच्या भिंती जाड आहेत, त्यातून आवाज फारसा जात नाही. जातो तो कौलांतून. कौलारू खोली साउंडप्रूफ होत नाही, अंड्यांचे ट्रे चिकटवून तर नाहीच. ट्रे फक्त वरचा थोडा किणकिणाट शोषतात, शेजाऱ्याला जो धमधमाट ऐकू येतो त्याला ते काहीच करत नाहीत. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. ड्रम खोलीत सहज १०० च्या वर जातो. तेव्हा वाजवायची वेळ शेजाऱ्यांशी बोलून ठरवा, दुपारची झोप टाळून. रोजच्या हाताच्या सरावाला जाळीची हेड आणि भोकं पाडलेले कमी आवाजाचे सिंबल घ्या. कानांना प्लग किंवा मफ हवेतच: १०० डेसिबलला पंधरा मिनिटं झाली की दिवसभराचा सुरक्षित वाटा संपला.

उतरत्या छपराचा मात्र रेकॉर्डिंगला फायदा आहे. छप्पर जमिनीला समांतर नसल्याने आवाज वरखाली ठेचकाळत राहत नाही. सेट आढ्याखाली मांडा, म्हणजे वरच्या माईकला डोक्यावर सगळ्यात जास्त मोकळी जागा मिळेल. १४ फुटांच्या लांबीला ४१ आणि १२ फुटांच्या रुंदीला ४८ हर्ट्झला खोली घुमते. बास ड्रमचा तळ त्याच आसपास असतो. म्हणून सेट कोपऱ्यात नको आणि खोलीच्या बरोबर मधोमधही नको. लांबीच्या साधारण एक तृतीयांशावर ठेवा आणि फूटभर इकडे-तिकडे सरकवत बास ड्रम ऐका. १० हजारांत घनमीटरला ४८ किंवा ६४ किलो घनतेच्या रॉकवूलचे (दगडी लोकरीचे) स्लॅब घ्या. कोपऱ्यांत १०० मिलिमीटर जाडीचे उभे करा, सेटच्या मागच्या भिंतीवर ५० मिलिमीटरचे, भिंतीपासून हातभर नव्हे पण चार बोटं तरी लांब. कापडात शिवून घ्या, धागे सुटून अंगाला खाजतात. सुटी कौलं खडखडतात. ती रेकॉर्डिंगआधी शोधून पक्की करा, त्यासाठी एकाने फ्लोअर टॉम वाजवायचा आणि दुसऱ्याने कान वर करून फिरायचं.

चवथीनंतर लगेच रेकॉर्डिंगला बसू नका. सप्टेंबरभर पाऊस असतो, कौलांवर सर आली की ती सरळ ओव्हरहेडमध्ये, म्हणजे सेटच्या वर टांगलेल्या माईकमध्ये, येते. पाऊस ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात माघार घेतो. दसरा उलटू द्या.

माईक चार पुरे. सात माईकच्या पेटीत बहुधा सातही मध्यम दर्जाचे असतात, आणि टॉमजवळचे माईक टॉमपेक्षा सिंबलच जास्त पकडतात. स्नेअरला शुअर एसएम ५७. १९६५ पासून हा माईक जगभर तिथेच उभा आहे, पडला तरी सहसा मरत नाही. बास ड्रमला ऑडिक्स डी ६ असेल तर हार्ड रॉकचा 'टक' आणि 'धम' जवळपास तयारच मिळतो. बजेटमध्ये बसला नाही तर शुअर बीटा ५२ ए किंवा एकेजी डी ११२ वापरलेला शोधा. वरून दोन छोट्या पडद्याचे कंडेन्सर (बारीक आवाजही टिपणारे नाजूक माईक), उदाहरणार्थ रोडे एम ५ ची जोडी. कंडेन्सरचा वैरी दमट हवा: पडद्यावर ओल बसली की चटचट आवाज येतो. हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा; नारिंगी दाणे हिरवे पडले की स्वयंपाकाला न लागणाऱ्या जुन्या तव्यावर मंद आचेवर सुकवा.

मांडणी दोरीने करा. ध्वनिअभियंता ग्लिन जॉन्स यांच्या नावाने ओळखली जाणारी ही पद्धत आहे. पहिला माईक स्नेअरच्या वर साधारण एक मीटर, खाली तोंड करून. दुसरा फ्लोअर टॉमच्या पलीकडे, त्याच्या कडेपेक्षा वीतभर उंच, तोंड हाय-हॅटकडे. आता दोरीचं एक टोक स्नेअरच्या मधोमध धरा, दुसरं पहिल्या माईकला टेकवा, तिथे गाठ मारा. गाठ दुसऱ्या माईकपर्यंत तितकीच पोचली पाहिजे. ३० अंशांच्या हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४९ मीटर जातो. अंतरात १७ सेंटिमीटरचा फरक पडला तर हजार हर्ट्झच्या आसपास दोन माईक एकमेकांचा आवाज खातात आणि स्नेअर पोकळ लागते. स्नेअरचा ५७ कडेवर दोन बोटं उंच, तोंड मध्याकडे, पाठ हाय-हॅटकडे. त्याची पाठ बहिरी असते, म्हणून. बास ड्रमचा माईक भोकातून दोन इंच आत. आणखी आत नेला तर बीटरची (पेडलच्या हातोडीची) टकटक वाढते, भोकाच्या तोंडाशी आणला तर नुसता वारा फुफाटतो. मग एकेका ट्रॅकची (एका माईकच्या रेकॉर्डिंगची) पोलॅरिटी, म्हणजे ध्वनिलहरीची दिशा, सॉफ्टवेअरमध्ये उलटी करून ओव्हरहेडसोबत ऐका; ज्या बाजूला आवाज जाड, ती बाजू बरोबर.

इंटरफेस मात्र आठ माईक प्रीअँपचा (माईकचा क्षीण आवाज वाढवणाऱ्या आठ जोडण्यांचा) घ्या, बेहरिंगरचा यूएमसी १८२० या पैशात ठीक. बॅसिस्ट आणि गिटारवाले सोबत वाजवतील, त्यांनाही जोडण्या लागतील, आणि उद्या टॉमला दोन माईक वाढवावेसे वाटले तर दुसरं यंत्र घ्यावं लागणार नाही. रीपर हे सॉफ्टवेअर पुरेसं आहे, ६० दिवस फुकट वापरता येतं. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ ठेवा. एका ट्रॅकला मिनिटाला साडेआठ एमबीच्या वर जागा लागते, आठ ट्रॅकचं पाच मिनिटांचं गाणं साधारण ३५० एमबी. लेव्हल लावताना गाण्याचा सगळ्यात जोरदार भाग वाजवा आणि शिखर उणे १० डेसिबलच्या आसपास राहू द्या, कारण खऱ्या टेकमध्ये (रेकॉर्डिंगच्या फेरीत) तुमचा हात आणखी जोरात पडणार.

घरच्या इन्व्हर्टरवर रेकॉर्ड करू नका. स्क्वेअर वेव्हचा इन्व्हर्टर असेल तर सगळ्या ट्रॅकवर घरघर येते. लॅपटॉप बॅटरीवर चालवा, इंटरफेसला प्युअर साइन वेव्हचा छोटा यूपीएस द्या, आणि खोलीतल्या सॉकेटचं अर्थिंग वायरमनकडून आधी तपासून घ्या. जुन्या मांगरांत (परसातल्या खोल्यांत) ते नुसतं नावाला असतं.

नवी हेड रेकॉर्डिंगच्या आदल्या संध्याकाळी चढवा, ताणून ठेवा, सकाळी पुन्हा सुरात लावा. रात्रभरात ती थोडी ढिली पडतातच. स्नेअरचं वरचं एक हेड आणि तारांचा एक जादा संच हाताशी ठेवा. ५बी मापाच्या जाड काड्यांच्या चार जोड्या लागतील. टोक फुटलेली काडी सिंबलवर चिरकी वाजते, ती टेकच्या मधेच बदला.